घोट्याइतकं पाणी

पहिला दिवस

आल्बुकर्की सोडून आय-25 ने दीड तास दक्षिणेला, मग सॅन अँटोनिओचा फाटा, आणि तिथून रिओ ग्रांदे नदीच्या कडेकडेने जाणारा जुना हायवे नंबर 1. हे सॅन अँटोनिओ म्हणजे टेक्सासमधलं मोठं शहर नव्हे, न्यू मेक्सिकोतलं मूठभर घरांचं गाव. हॉटेलवाला कॉनरॅड हिल्टन 1887 साली इथे जन्मला. आम्ही मात्र आमची खोली गोगलगायीसारखी पाठीवर घेऊन आलो होतो. 26 फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, सेकंडहँड, एका बाजूला आधीच्या मालकाने कुठेतरी घासलेली.

बोस्के देल अपाचे हे वन्यजीव आश्रयस्थान आणखी आठ मैलांवर आहे. पुढचे तीन महिने पत्ता हाच. व्यवहार साधा आहे: आश्रयस्थानाने आम्हाला मोटरहोम लावायला खडी टाकलेली जागा, वीज, पाणी, सांडपाण्याचा पाइप आणि कपडे धुवायचं मशीन द्यायचं. आम्ही प्रत्येकी आठवड्याला 24 तास काम द्यायचं. पगार नाही, भाडंही नाही.

गाडी सपाट उभी करायला पाऊण तास गेला. नवरा पुढच्या उजव्या चाकाखाली ठोकळे सरकवतोय, मी आत ओट्यावर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून बुडबुडा मधे येतोय का ते बघतेय. गाडी कलती राहिली तर फ्रिज नीट चालत नाही आणि रात्री डोक्यात रक्त उतरतं. शेजारच्या मोटरहोममधल्या ओरेगॉनच्या आजी खुर्ची टाकून हा खेळ बघत होत्या. शेवटी उठून आल्या आणि म्हणाल्या, "सगळं जोडा, पण काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका."

काळी टाकी म्हणजे संडासाची. करडी टाकी म्हणजे सिंकची आणि आंघोळीची. पाइप कायम जोडलेला आहे म्हणून काळीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला, तर पाणी निघून जातं आणि बाकीचं जागच्या जागी साठत जातं. आजींनी दोन्ही हातांनी पिरॅमिड करून दाखवला. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यायची, मग एका दमात सोडायची, आणि मागाहून करडीचं साबणाचं पाणी सोडून पाइप धुवायचा. तीन महिन्यांत मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच, आणि तो पहिल्या तासात मिळाला.

अंधारता अंधारता आवाज सुरू झाला. डोक्यावरून लांबच लांब रांगा तळ्यांकडे उतरत होत्या. सँडहिल क्रेन, म्हणजे आपल्या सारसाच्या कुळातलाच क्रौंच. दिसायच्या आधी ऐकू येतो. लाकडी खुळखुळा मडक्यात घालून हलवावा तसा घरघरता आवाज, मैलभर जाणारा. या पक्ष्याची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, म्हणून तो आवाज असा घुमतो. आम्ही ठोकळे हातात धरून नुसते उभे.

दुसरा दिवस

कागदपत्रं, सुरक्षित गाडी चालवण्याचा व्हिडिओ, वायरलेसवर कसं बोलायचं, किल्ल्या. नवऱ्याने घरून निघताना नवी दुर्बीण घेतली होती. पहिलं काम मिळालं शौचालयं धुण्याचं. त्याने दुर्बीण गळ्यातून काढली नाही, आणि वाकला की ती बादलीवर आपटत होती.

तिसरा दिवस

पहाटे साडेपाचला रस्त्याकडेच्या तळ्यावर ड्यूटी. गाड्या एका रांगेत लावायच्या, लोकांना दिवे बंद करायला सांगायचं. थर्मामीटरवर 22 फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेपाच सेल्सियस. तिपाया लावून उभे असलेले पन्नासेक फोटोग्राफर, आणि कुणीच बोलत नाही.

आधी स्नो गीज, म्हणजे एक प्रकारचे रानहंस, उठले. पांढरे, पंखांची टोकं काळी, हजारोंनी एकत्र. त्याला इथे 'ब्लास्ट ऑफ' म्हणतात आणि शब्द बरोबर आहे. एका क्षणी सगळं शांत, दुसऱ्या क्षणी अख्खं तळं उचललं जातं. आवाज कानांत नाही, छातीत लागतो. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं, आणि शेजारचा माणूस स्वतःलाच शिव्या देत होता. त्याच्या लेन्सचं झाकण काढायचं राहिलं होतं.

क्रौंचांना अशी घाई नसते. ते नंतर, दोन-तीन-चारच्या कुटुंबांनी जातात. उडायच्या आधी क्रौंच मान पुढे लांबवतो आणि अंग वाऱ्याच्या दिशेने कलवून तसाच उभा राहतो. शेजारचाही कलतो. मग तिसरा. सगळ्यांचं जमलं की चार ढांगा पळून उचलतात. एखाद्याचं मन होत नाही, मग बाकीचे पुन्हा सरळ होऊन उभे राहतात. लग्नघरातून निघताना दारात ताटकळणारी मंडळी आठवली. "निघूया ना?" "हो, हो, निघूच."

सहावा दिवस

आज देखभाल विभागातल्या एका माणसाबरोबर पाणी बघायला गेले. इथे यायच्या आधी मला वाटत होतं की ही तळी नैसर्गिक आहेत आणि माणसाने फक्त कुंपण घातलंय. तसं काही नाही. रिओ ग्रांदेला जुन्या काळी पूर यायचे, पात्र बदलायचं, दलदली आपोआप व्हायच्या. पुढे नदीवर धरणं, बांध आणि कालवे झाले आणि ते थांबलं. म्हणून 1939 मध्ये हे आश्रयस्थान झाल्यापासून ते काम हाताने करावं लागतं. कालव्यातून पाणी घ्यायचं, एका तुकड्यातून दुसऱ्यात सोडायचं, परत काढून घ्यायचं. वसंतात तळी कोरडी पाडतात. ओल्या चिखलात रानगवतं आणि नागरमोथ्याच्या भावकीतलं एक लव्हाळं उगवतं, उन्हाळ्यात त्याला बेताने पाणी देतात, बी धरलं की शरद ऋतूत वर पाणी सोडतात. पक्षी येतात तेव्हा ताट वाढलेलं असतं.

पाण्याची पातळी ठरते ती फळ्यांनी. तळ्याच्या टोकाला एक उभी चौकट, तिच्या खाचांत एकावर एक आडव्या फळ्या. पाणी वाढवायचं तर एक फळी घालायची, कमी करायचं तर काढायची. बस्स. त्या माणसाने लोखंडी आकडा फळीत अडकवून ती वर ओढली, शेवाळाने बुळबुळीत झालेली, आणि पलीकडच्या चरात पाणी खळखळ पडायला लागलं.

"किती पाहिजे असतं त्यांना?" मी विचारलं.

त्याने बूट पाण्यात घातला आणि घोट्यावर बोट ठेवलं. चार ते आठ इंच. क्रौंच झाडावर बसत नाही, पाण्यात उभा राहून झोपतो. कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा प्राणी, आला तर पाण्यात पावलं वाजतात आणि सगळे जागे होतात. पाणी याहून कमी झालं तर कायोटी गुपचूप पोचतो, जास्त झालं तर क्रौंचाला उभं राहता येत नाही आणि तो दुसरीकडे जातो. म्हणजे इतक्या हजारो पक्ष्यांची रात्र एका ओल्या फळीवर अवलंबून.

संध्याकाळी आमची काळी टाकी पहिल्यांदा सोडली. हातमोजे घालून, व्हॉल्व्हचा दांडा हळूच ओढून, पाइपच्या पारदर्शक तुकड्यात काय जातंय ते बघत. सकाळी तिकडे फळी, संध्याकाळी इकडे व्हॉल्व्ह. नवरा म्हणाला, "आपण पक्षी बघायला आलोय की प्लंबिंग शिकायला?"

नववा दिवस

रात्री पारा 14 फॅरनहाइटवर गेला, म्हणजे उणे दहा सेल्सियस. आजींनी सांगितलं होतं की थंडी पडणार असेल तर दुपारी आतली टाकी भरून घ्या, बाहेरचा पाण्याचा पाइप काढा, रिकामा करा आणि रात्री पंप लावून आतलंच पाणी वापरा. आम्ही दोघंही त्या वेळी मान डोलावत होतो. सकाळी नळ उघडला तर फुस्स. बाहेर जाऊन पाइप उचलला तर तो पाइप राहिलाच नव्हता, पंचवीस फुटांची वेडीवाकडी काठी झाली होती. ती तशीच उचलून दोघांनी लाँड्रीच्या खोलीत नेली, दारातून वळेना, शेवटी अर्धी आत अर्धी बाहेर ठेवली. कपडे धुवायला आलेल्या प्रत्येकाने ओलांडून जाताना आपापल्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. कुणाचा फिल्टर फुटला होता, कुणाचा नळच.

त्याच सकाळी तळ्याच्या कडेला बर्फ धरला होता. क्रौंच त्यावरून पावलं जपत चालत होते, आणि तरी एक घसरला. दोन्ही पंख उघडून, पाय फाकवून कसाबसा सावरला आणि मग इकडेतिकडे पाहून उगाच पिसं साफ करायला लागला. इतक्या गार पाण्यात रात्रभर उभं राहून त्यांचे पाय कसे गोठत नाहीत, हे लोक रोज विचारतात. पायात खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त यांच्या वाहिन्या अगदी चिकटून असतात. खाली जाणारं आपली ऊब वाटेतच वर येणाऱ्याला देऊन टाकतं. पाय गार राहतात, अंगातली ऊब अंगातच राहते. दुसरा हमखास प्रश्न म्हणजे त्यांचे गुडघे उलटे का वळतात. तो गुडघा नाही, तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. म्हणजे घोट्याइतकं पाणी म्हटलं तर आपला घोटा की त्यांचा, हे विचारून घ्यायला हवं.

चौदावा दिवस

भांड्यांच्या कप्प्यात उंदराच्या लेंड्या. एरवी मी झाडू घेऊन पुसून मोकळी झाले असते. इथे आजींनी हात धरला. न्यू मेक्सिकोतल्या हरण-उंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस पसरू शकतो. 1993 मध्ये याच भागात, चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे, त्याची साथ येऊन माणसं गेली होती. कोरडं झाडायचं नाही, कारण धूळ उडून श्वासात जाते. खिडक्या उघड्या ठेवून थांबायचं, हातमोजे घालायचे, ब्लीचचं पाणी मारून सगळं भिजू द्यायचं आणि मग कागदाने टिपून घ्यायचं. सगळी भांडी पुन्हा धुतली. नवऱ्याने पोटावर झोपून गाडीखाली टॉर्च मारला आणि विजेची जाड केबल आत शिरते तिथे दोन बोटं जातील एवढी फट सापडली. तीत स्टीलची घासणी ठासून भरली. त्यानंतर उंदीर आला नाही, पण पुढचे आठ दिवस मी कुकर उघडण्याआधी ठोठावत होते.

कुकरचंही एक प्रकरण आहे. एवढ्याशा जागेत वरण-भाताच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ येतात आणि रात्री गादीखाली ओल धरते. छताची झडप उघडावी तर ऊब जाते. शिवाय आमची जोडणी 30 अँपिअरची, म्हणजे सगळं मिळून 3600 वॉट. विजेची शेगडी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कुणी केस वाळवायला घेतले की अंधार. दोन आठवड्यांत आम्हाला एकमेकांना विचारून चहा गरम करायची सवय लागली.

एकविसावा दिवस

माहिती केंद्रातल्या टेबलावर. काम उबदार, पण बोलून घसा बसतो. आज सहा डक स्टँप विकले. 25 डॉलरचं हे तिकीट पत्रावर लावायचं नसतं. 1934 पासून, तेव्हा 1 डॉलर किंमत होती, अमेरिकेत बदकं मारायची तर सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या शिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं, आणि त्यातल्या दर डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जमिनी घेण्या-राखण्यात जातात. एका बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे शिकाऱ्यांच्या पैशाने?" हो, बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्या पैशाने. मलाही सुरुवातीला ते पचलं नव्हतं. पण दुर्बीण घेऊन फुकट बघणाऱ्यांवर असा कुठलाच स्टँप सक्तीचा नाही, हे आठवल्यावर गप्प बसले आणि एक स्वतःसाठी घेतला.

अठ्ठाविसावा दिवस

सुट्टी. सोकोरो या जवळच्या गावाच्या पश्चिमेला पन्नास मैलांवर रेडिओ दुर्बिणींचा तो प्रसिद्ध ताफा आहे, व्हेरी लार्ज ॲरे. 25 मीटर व्यासाच्या 27 तबकड्या रुळांवर इंग्रजी वाय आकारात मांडलेल्या. फोन बंद ठेवायला सांगतात. परत येताना कपडे, किराणा, गॅसची टाकी भरणं. सुट्टी संपली.

एकेचाळिसावा दिवस

मका आडवा करायचा दिवस. आश्रयस्थानात मका पेरतात आणि हिवाळाभर तो उभा ठेवून ट्रॅक्टरने थोडाथोडा पाडतात. एकदम पाडला तर महिनाभरात फस्त होईल आणि पक्षी खोऱ्यातल्या लोकांच्या शेतांत शिरतील. मका अंगात ऊब धरायला चांगला, पण नुसत्या मक्यावर भागत नाही. बाकीचं सत्त्व दलदलीतल्या कंदांतून, बियांतून आणि किड्यांतून मिळतं. म्हणून दोन्ही लागतं.

नवऱ्याचं काम फाटक उघडण्याचं. ट्रॅक्टर चार फेऱ्या मारून बाहेर आला, त्याने फाटक लावलं, आणि साखळी अडकवून वर बघतो तर पहिले क्रौंच उतरायला लागले होते. पाय खाली सोडून, पंखांची छत्री करून, हवेत लोंबकळल्यासारखे. "वाटच बघत होते," तो संध्याकाळी तीन वेळा म्हणाला.

बावन्नावा दिवस

पिल्लं मोजायची. कळपात पिल्लं किती हे कळलं की गेला हंगाम कसा गेला ते समजतं. मोठ्यांच्या कपाळावर लाल टक्कल असतं, पिसं नाहीत, नुसती कातडी. पिल्लाचं डोकं तांबूस, पिसांनी भरलेलं. इंग्रजीत त्यांना शिंगरू म्हणतात, आणि ते लांब पाय बघितले की का ते विचारावं लागत नाही. उंचीने ती आईबापाएवढीच झालेली असतात, पण आवाज फुटलेला नसतो. मोठ्यांच्या त्या घुमणाऱ्या घरघरीत मधेच बारीक शिट्टी वाजते. डोळे मिटून ऐकलं तरी पिल्लू कुठल्या बाजूला आहे ते सांगता येतं. मी 312 पक्ष्यांत 27 मोजली, माझ्याबरोबरच्या गृहस्थांनी 29. पुन्हा मोजली तर दोघांचेही आकडे बदलले.

हे गृहस्थ बारा हिवाळे इथे येतायत. थर्मासमधली कॉफी ओतत त्यांनी मोठ्या पांढऱ्या क्रौंचांची गोष्ट सांगितली. व्हूपिंग क्रेन जवळजवळ संपत आले होते, म्हणून 1975 पासून आयडाहोमध्ये त्यांची अंडी सँडहिलच्या घरट्यांत ठेवायला लागले. पिल्लं झाली, सँडहिलनी ती पोटच्यासारखी वाढवली, आपली वाट शिकवून इथे बोस्केत आणली. सगळं जमलं. फक्त मोठी झाल्यावर त्यांना जोडीदार म्हणून आपल्या जातीचे पक्षी पसंत पडेनात. ती स्वतःला सँडहिलच समजत होती. त्यांची एकही जोडी लागली नाही आणि प्रयोग सोडून द्यावा लागला.

रात्री मी हे नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "हे न्यू जर्सीला लेकीला फोनवर सांगू नकोस."

चौसष्टावा दिवस

बांधावर मेलेला स्नो गूज. हात लावायचा नाही, बर्ड फ्लूची भीती आहे. वायरलेसवर जागा सांगितली, खुणेला काठी रोवली आणि बूट जंतुनाशकात बुडवून घेतले. पुढच्या अर्ध्या तासात आणखी दोन दिसले. बाकीचे हजारो शेजारीच शांतपणे चरत होते. त्या दिवशी दुपारी पर्यटकांशी बोलण्याची ड्यूटी मी बदलून मागितली.

एक्याऐंशीवा दिवस

फेब्रुवारीचा मधला आठवडा. आठ दिवसांपासून तळ्यांवर एक चुळबुळ होती. आज दहा वाजता ऊन तापलं, वारा दक्षिणेचा सुटला, आणि क्रौंचांचा एक थवा मैदानावरून उठून सरळ जायच्या ऐवजी गोल फिरायला लागला. पंख न हलवता, गरम हवेवर तरंगत, प्रत्येक चकरीत थोडे वर. मान दुखेपर्यंत बघितलं. शेवटी नुसते ठिपके, आणि ठिपके दिसेनासे झाल्यावरही आवाज येत होता. आधी कोलोरॅडोतल्या सॅन लुइस खोऱ्यात थांबतील, मग आणखी वर आयडाहो, वायोमिंग, मोंटाना.

माहिती केंद्रात सांगायचा एक आकडा आम्हाला पाठ झाला होता: 1941 च्या हिवाळ्यात इथे फक्त 17 क्रौंच होते. मी तो शंभर वेळा तरी लोकांना सांगितला असेन. आज माझ्या एकटीच्या डोक्यावरून गेलेल्या पहिल्या थव्यातच त्याहून जास्त होते, आणि मी मोजायचं विसरले.

शेवटचा दिवस

तास मोजले गेले. माझे 286, नवऱ्याचे 291. अडीचशेच्या वर गेलं की केंद्राच्या सगळ्या उद्यानांचा वर्षभराचा पास मिळतो. तो त्याने लगेच आरशाला लटकवला. ऑफिसात किल्ल्या दिल्या, टोप्या मात्र ठेवून घेतल्या.

तळ्यांवरचं पाणी उतरायला लागलं होतं. ज्या चौकटीपाशी सहाव्या दिवशी उभी होते तिथे आता निम्म्या फळ्या काठावर वाळत पडलेल्या, आणि खाली चिखलात क्रौंचांच्या तीन बोटांचे ठसे एकावर एक.

गाडी आवरायला सकाळ गेली. दोन्ही टाक्या सोडून धुतल्या, पाइप गुंडाळले, विजेची केबल काढली, ठोकळे झटकून डब्यात भरले. नवरा यादी वाचत होता आणि मी 'हो' म्हणत होते. पायरी आत घेतली का? हो. छताची झडप? हो. ती उघडीच होती, हे सोकोरोपर्यंत कळलं नाही.

आमच्या जागेवर येणारं जोडपं वेळेआधीच रस्त्यावर थांबलं होतं, नव्या कोऱ्या मोटरहोममध्ये. बाईंच्या गळ्यात दुर्बीण होती. मी खिडकीची काच खाली घेतली आणि म्हटलं, "नळाची मूठ घट्ट आहे, डावीकडे फिरवताना जोर लावावा लागेल. आणि काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका."